हापूस देऊन हार्ले

माझ्याकडे हार्ले नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमचे मॅनेजर आणि सासुरवाडी, दोघांचाही गैरसमज व्हायचा. माझ्याकडे आहे ती सेकंडहँड अ‍ॅव्हेंजर. कावासाकी-बजाजच्या एलिमिनेटरच्या वंशातली, २००५ साली अवतरलेली जात. तिच्यावर पाय पुढे पसरून मी बारामतीहून इंदापूरच्या शाखेत जातो. सौ. म्हणते, ‘न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे दिसता.’ पण वाटेतली पोरं ओरडतात, ‘हार्ले आली, हार्ले!’ पोरांचा मान राखावा म्हणून मी हार्लेची कुळकथा वाचून काढली.

१९०३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत हार्ले आणि डेव्हिडसन या दोन तरुण मित्रांनी सायकलीला इंजिन जोडण्याचा उद्योग आरंभला. १९०९ साली दोन सिलिंडरांची गाडी आली. सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशांत. दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला बांधलेले, म्हणून एका स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनी, पुढचा ४०५ अंशांनी. आमचे हेडकॅशियर गुडघा धरून जिना चढतात, अगदी तो ताल! या तालाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून कंपनीनं १९९४ साली अर्ज केला आणि २००० साली मुकाट्यानं मागे घेतला.

१९३६ च्या इंजिनाची झाकणं मुठीच्या पेरांसारखी, १९४८ ची तव्यासारखी, १९६६ ची फावड्यासारखी. लोकांनी नावंही तशीच पाडली. नावं ठेवण्यात अमेरिका आमच्या चावडीच्या मागे नाही.

१९६९ साली कंपनी दुसऱ्या उद्योगाच्या हाती गेली आणि मालाची रया गेली. १९८१ साली १३ अधिकाऱ्यांनी कर्ज काढून ती विकत घेतली. हे वाचून माझ्यातला बी. कॉम. उठून बसला. तारण काय दिलं असेल? १९८३ साली सरकारनं ७०० सीसीवरच्या परदेशी गाड्यांची जकात ४.४ वरून ४९.४ टक्क्यांवर नेली. असा जामीनदार आमच्या कर्जदारांना मिळत नाही.

भारतात हार्लेची वाट मोकळी झाली ती २००७ साली, आंब्याच्या बदल्यात. अमेरिकेनं आपल्या आंब्यावरची १८ वर्षांची बंदी उठवली. लासलगावला विकिरण घेऊन हापूस-केसर विमानात बसले. अण्णांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘एका गाडीला पेट्या किती?’ हिशेब मी अजून मांडतोय. तोवर २०२० साली हार्लेनं इथला कारखाना आवरलाही, आणि २०२३ साली हीरोबरोबर एका सिलिंडरची एक्स ४४० आणली. एक सिलिंडर! म्हणजे हार्लेच माझ्या पायरीवर उतरली.

अण्णांची राजदूत होती. माझ्या कॉलेजच्या फीसाठी ती विकली, आणि पुढं ते एस.टी.नं हिंडले. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. परवा त्यांना मागं बसवून इंदापूरच्या बाजारात नेलं. भवानीनगरपर्यंत गप्प. मग म्हणाले, ‘राजदूतचा आवाज बरा होता.’

‘बरा होता,’ मी म्हटलं, आणि गाडी थांबवून त्यांचा घसरलेला पाय पायदाणावर नीट ठेवला.