शौचालयाचे दार कोणी उघडायचे?

जळगावच्या सरकारी रुग्णालयातून २ जून २०२० रोजी एक कोरोनाबाधित वृद्ध महिला बेपत्ता झाली. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले आणि विषय संपला. धरणगावात आजार हाताबाहेर गेला की पुढची चिठ्ठी जळगावचीच मिळते. म्हणून आम्ही विचारतो : त्या आठ दिवसांत ते शौचालय कोणी साफ करायचे होते?

निलंबनाने खुर्चीवरचा माणूस बदलतो, पद्धत बदलत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके गेली. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. तरीही ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा आग लागून ११ रुग्ण दगावले.

आता थोडे मागे जाऊ. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने भोर समिती नेमली. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे तिच्या १९४६ च्या अहवालाचे सूत्र होते. चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे दोन डॉक्टर, ही तिची पहिल्या टप्प्याची शिफारस. या समितीचे श्रेय बाबासाहेबांना देणाऱ्या पोस्ट फिरतात. ते बरोबर नाही, आरोग्य त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्याकडे मजूर खाते होते आणि तिथे त्याच काळात प्रा. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातूनच आला. आजारी कामगाराला उपचार मिळतात ते मालकाच्या दयेने नव्हे, हक्काने, हा त्याचा पाया.

आणि मुंबईच्या पालिकेतील सफाई कामगारांची संघटना बाबासाहेबांनीच उभी केली होती. हा धागा आरोग्याच्या इतिहासात कोणी जोडत नाही. आपण जोडला पाहिजे.

कारण रुग्णालयातला जंतुसंसर्ग आधी झाडू, फडके आणि फिनाईलने थांबतो, औषधाची पाळी नंतर येते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत संसर्ग नियंत्रण हा स्वतंत्र विभाग आहे. २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छ रुग्णालयांना बक्षिसेही मिळतात. प्रमाणपत्र भिंतीवर लागते, फोटोत साहेब असतात. हातात झाडू असलेला माणूस मात्र बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा, आणि बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. त्याला हातमोजे आहेत का, हिपॅटायटिस बी ची लस मिळाली का, सुई टोचली तर त्याने कुठे जायचे? वॉर्डात काही बिघडलेले दिसले, एखादे दार आतून बंद राहिले, तर ते सांगायची त्याला सोय आहे का? तो बोलला तर उद्या कामावर राहील का? जातीने ज्याला गप्प बसायला शिकवले, त्याच्याच डोळ्यांवर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून आहे.

ज्याला ही अतिशयोक्ती वाटते त्याने एक दिवस जनरल वॉर्डात बसून पाहावे.

धरणगावच्या ग्रामीण रुग्णालयाबाबत माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार करत आहोत : सफाईचा ठेका कोणाकडे, मंजूर कामगार किती, प्रत्यक्षात किती, किमान वेतन आणि विम्याचा हप्ता भरला जातो का, शेवटची अग्निसुरक्षा तपासणी कधी झाली, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्ते कुठे आहेत. असाच अर्ज चोपडा, एरंडोल, अमळनेर, साक्री, शिरपूर इथल्या साथींनी आपापल्या रुग्णालयासाठी द्यावा. शुल्क १० रुपये आहे.