उघडलेली आणि मिटलेली दारे

लंडनमधील एन्डेल स्ट्रीटवर १९१५ ते १९१९ या काळात एक लष्करी रुग्णालय होते. तेथील डॉक्टर झाडून सगळ्या स्त्रिया. फ्लोरा मरे आणि लुइझा गॅरेट अँडरसन या दोघींनी ते चालवले. मताधिकाराच्या लढ्यात लुइझा १९१२ साली तुरुंगात जाऊन आल्या होत्या. युद्धकाळात त्याच सरकारला त्यांच्या शल्यकौशल्याची गरज भासली. (लुइझांच्या आई एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ज्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या, तेथूनच आपल्या रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या.) १९१८ च्या शरदात इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि जखमी सैनिकांच्या खाटांशेजारी तापाने फणफणलेले रुग्ण आले.

युद्धकाळात पुरुष विद्यार्थी आघाडीवर गेल्याने लंडनच्या अनेक वैद्यकीय विद्यालयांनी मुलींना प्रवेश दिला होता. साथ ओसरली, सैनिक परतले. १९१९ मध्ये स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून व्यवसायातून वगळता येणार नाही, असा कायदाही झाला. आणि नेमकी त्यानंतर दारे मिटू लागली. लंडन हॉस्पिटलने १९२२ मध्ये, सेंट मेरीजने १९२४ मध्ये मुलींचे प्रवेश थांबवले. 'नाजूक' विषय मुलामुलींना एकत्र शिकवणे अवघड, हे एक कारण. मुली आल्याने रग्बीचा संघ दुबळा होतो, हे दुसरे! आम्हांस हे दुसरे कारण अधिक प्रामाणिक वाटते.

एन्डेल स्ट्रीटवर युद्धशस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना पुन्हा बहुतांशी स्त्रिया व मुले यांच्याच रुग्णालयांत जावे लागले. कौतुक भरपूर झाले, पदे मात्र मिळाली नाहीत. सरकारी अनुदान हवे असेल तर मुलींनाही प्रवेश द्यावा, असे गुडइनफ समितीने सुचवेपर्यंत १९४४ साल उजाडले. तेव्हाही मुलींचा सुचवलेला वाटा सुमारे एकपंचमांश.

म्हणून कोविडनंतरच्या टाळ्यांकडे आम्ही साशंकतेने पाहतो. जगातील आरोग्यसेवकांत स्त्रिया सुमारे ७० टक्के, वरिष्ठ पदांवर सुमारे २५ टक्के, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच, साथीच्या आधी, नोंदवले होते. महाराष्ट्रातील आशा सेविकांना ऐन साथीत, जून २०२१ मध्ये, मानधनासाठी संप करावा लागला. पुढच्याच वर्षी त्याच जागतिक संघटनेने देशभरातील आशांना गौरविले. सरकारदरबारी मात्र त्या कर्मचारी नव्हेत, स्वयंसेविकाच राहिल्या.