तुळशीशेजारचं झाड

आमच्या घराण्यात शेती सात पिढ्यांची. पण माझ्या भाच्यानं जन्मात कधी कोथिंबीर लावलेली कुणी पाहिली नाही. केज तालुक्यातल्या आमच्या गावी तो सुटीत यायचा तेव्हा ज्वारीचं धाट आणि ऊस यांतला फरक त्याला चावून पाहिल्यावर कळायचा. असा हा भाचा सध्या जर्मनीत असतो. परवा रात्री त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "मामा, पानं कडेनं पिवळी पडायला लागलीत. काय करू?"

"कशाची पानं?"

त्यानं कपाट उघडलं. आत कपडे नव्हते. लख्ख दिवा लागलेला, चिमुकला पंखा फिरतोय, आणि तीन कुंड्यांत पंजासारख्या कातरलेल्या पानांची गांजाची तीन रोपं मुंज लागल्यासारखी उभी! मी आधी फोनचा आवाज बारीक केला, मग दाराला कडी घातली. आमच्या भिंतीपलीकडे सरपंच राहतात.

भाचा हसत होता. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत सज्ञान माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरात लावता येतात म्हणे. कॅनडात २०१८ पासून घरटी चार. हे सगळं मला पटत होतं, पण कडी काढायचा धीर होत नव्हता. कारण आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे, आणि एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मग ते कपाटात लावा नाहीतर कापसात. गंमत अशी, की याच कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फक्त शेंडा, फुलोरा. नुसतं पान आणि नुसतं बी गांजात मोडत नाही. म्हणजे पान निर्दोष, बी निर्दोष, आणि ती दोन्ही ज्याला येतात ते झाड गुन्हेगार. (पान सुटलं म्हणून कुणी हुरळू नये. महाराष्ट्रात भांगेसाठी दारूबंदीचा कायदा वेगळा बसलेला आहे.)

एवढं मोकळं आभाळ सोडून हे पीक कपाटात का शिरलं, असं मी भाच्याला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. कारण साधं आहे. झाडाला सूर्यप्रकाश लागतो, पण सूर्यप्रकाशात पोलिसांनाही दिसतं. अमेरिकेत शेतावर आणि परसात धाडी वाढल्या तशी मंडळी तळघरात दिवे लावून बसली. मग १९८९ साली तिथल्या सरकारनं ते दिवे आणि मातीविना शेतीचं सामान विकणाऱ्या दुकानांवरच धाडी घातल्या. टोमॅटो लावणारे हौशी लोकही त्यात सापडले असतील, बिचारे.

मी हयातभर इतिहास शिकवला. त्यामुळे झोप उडाली की मी इतिहासात जातो; त्या रात्री १८९३ सालात गेलो. गांजानं हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरून चालली आहेत, अशी ओरड विलायतेच्या पार्लमेंटात झाली आणि सरकारनं एक कमिशन नेमलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. साहेबांसोबत तीन हिंदी सभासदही होते. कमिशन देशभर हिंडलं. १,१९३ साक्षीदार झाले आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल आला. सात खंड! आपल्याकडे धरण फुटलं तरी एवढं लिहीत नाहीत.

त्या खंडांतला मला आवडणारा भाग वेड्यांचा आहे. इस्पितळात रोगी दाखल करताना एक फॉर्म भरावा लागे, आणि त्यात 'वेडाचे कारण' असा रकाना असे. माणूस बहुधा पोलिसानं आणलेला. पोलिसाला कारण काय माहीत? पण रकाना रिकामा ठेवायची छाती या देशात कुणाची झाली आहे? तो लिहून टाकी: गांजा. पुढच्या वर्षी त्याच नोंदींची बेरीज होई आणि ती बेरीज विलायतेत पुरावा म्हणून उभी राही. कमिशननं १८९२ च्या २२२ नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या. गांजाशी संबंध लावता येईल अशा जेमतेम ९८ उरल्या. बाकीचे कशानं वेडे झाले ते देव जाणे. संसारानं झाले असतील. अती सेवन वाईट, बेताचं सहसा बाधत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, परवाने आणि कर लावून आवर घाला, असा निकाल कमिशननं दिला. कर म्हटल्यावर सरकारला तो पटायला वेळ लागला नाही.

तेव्हा आमचा बीड जिल्हा निजामाच्या मुलखात होता. आष्टीच्या पुढं नगर जिल्हा लागला की इंग्रजी अंमल. त्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, सरकारी परवान्यानं गांजा पिकत असे. खांडव्याकडेही पिके. पण खरा तालेवार गांजा बंगालातल्या नौगावचा. तिथं 'पोद्दार' नावाचे जाणते लोक शेतातून फिरून नर झाडं ओळखून उपटीत. साहेब त्यांना 'गांजा-डॉक्टर' म्हणत. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. इंग्लंडातले हेच झाड पिकवणारे शेतकरी त्याच्या नराला मादी आणि मादीला नर म्हणत पिढ्यान् पिढ्या जगले, आणि त्यांचं काही अडलं नाही. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ साली चक्क गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढली. आपला प्रवरानगरचा साखर कारखाना त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी उभा राहिला, तेव्हा सहकाराचा उगम कुठं, हे जपून सांगत जावं.

इथवर इतिहास बरा चालला होता. मग आठवले बप्पा.

बप्पा आमचे सालगडी. एकोणीस सालं आमच्याकडे राहिले. गोठ्याच्या मागं, आजीच्या तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, त्यांचं एक झाड असे. एकच. लोक भांगेत तुळस म्हणतात, आमच्याकडे तुळशीशेजारी भांग होती. रात्री बैलांना वैरण टाकून झाली की बप्पा चिलमीला ओली छापी गुंडाळीत, "बम् भोले, परळीच्या राजा!" म्हणत एक झुरका घेत आणि खोकत खोकत झोपी जात. कायदा तेव्हाही होता. मुंबईचा दारूबंदी कायदा गांजालाही लागू होता. पण तो त्या झाडापर्यंत कधी चालत आला नव्हता.

१४ नोव्हेंबर १९८५ ला नवा कायदा लागू झाला. आमचे आबा गावचे पोलीस पाटील. तालुक्याच्या बैठकीत त्यांना सांगण्यात आलं, की आता झाडाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड (दहा वर्षं आणि लाख ही २००१ ची वाढ). आणि गावात लागवड दिसली तर पंच, सरपंच, गावकामगार, सगळ्यांनी ताबडतोब खबर द्यायची. जमिनीच्या मालकानंही द्यायची. मालक आबा, पोलीस पाटील आबा. म्हणजे आबांनी आबांची खबर आबांकडे द्यायची.

त्या रात्री ते जेवले नाहीत. कंदील घेऊन गोठ्यामागं गेले. मी मागं होतो.

"बप्पा, हे काढावं लागतंय."

"का वो मालक? तुळशीवाणी उभं हाय. कुणाचं काय खातंय ते?"

आबांनी कलम सांगितलं नाही. पन्नास हजार हा आकडाही सांगितला नाही. बप्पांच्या सालाचे पैसे किती होते ते मला माहीत आहे. तो आकडा त्यांना कळलाच नसता. आबांनी कंदील खाली ठेवला, स्वतःच्या हातांनी झाड उपटलं आणि गोठ्यात टाकलं. सकाळी म्हैस दुपारपर्यंत उठली नाही, आणि उठली तेव्हा धारेला अशी शांत उभी राहिली, की आजीनं तिची दृष्ट काढली.

बप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या पाडव्याला त्यांनी साल धरलं नाही. लेकीकडे जातो म्हणाले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेले. आबा वेशीपर्यंत पोचवायला गेले होते. परत आल्यावर दिवसभर ओसरीवर बसून राहिले. आपण बप्पांना वाचवलं की घालवलं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

आबांचं दप्तर अजून माळ्यावर आहे. त्या महिन्याच्या अहवालात 'गांजा लागवड' या रकान्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'निरंक'. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेली ती एकच खोटी नोंद असावी. की खरी? लिहिली तेव्हा झाड नव्हतंच.

काल भाच्याचा पुन्हा फोन आला. तीनांतलं एक झाड नर निघालं म्हणून हिरमुसला होता. ते त्यानं ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. "मामा," तो म्हणाला, "आपल्या घरात आधी कुणी लावलं होतं का हो? म्हणजे कुणाला तरी माहिती असेल."

पलीकडे सरपंचांचा टीव्ही चालू होता. मी म्हटलं, "निरंक."