बीड जिल्ह्यातील संगीतश्रवण : समूह आणि एकांत

प्रस्तावना :
संगीत एकट्याने ऐकावे की चारचौघांत, हा प्रश्न वरवर वैयक्तिक आवडीचा वाटतो. परंतु बीड जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात तो समाजरचनेशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात याच संबंधाचा संक्षिप्त विचार केला आहे.

सामूहिक श्रवण :
अंबाजोगाई ही दासोपंतांची (१५५१-१६१५) कर्मभूमी होय. त्यांच्या 'पदार्णव'मधील पदे मूलतः गाण्यासाठी रचलेली आहेत. वारकरी संप्रदायाच्या अखंड हरिनाम सप्ताहात निव्वळ श्रोता असा कोणी नसतो. विणेकरी उभा असतो, टाळकरी ध्रुवपद उचलून धरतात आणि समोर बसलेला मनुष्यही टाळी वाजवीत गायनात सामील होतो. येथे ऐकणे हेच शिकणे ठरते. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे पखवाजवादक पद्मश्री शंकरबापू आपेगावकर याच परंपरेत घडले.

तथापि, टाळकऱ्यांच्या रांगेत स्त्रिया क्वचितच असत. त्यांचे गाणे पहाटेच्या जात्यावर होई आणि ते ऐकण्यास बहुधा जोडीच्या जाऊबाईखेरीज कोणी नसे. म्हणजेच एकांताचे संगीत यंत्रयुगापूर्वीही होते. समूहाने ज्यांना मागे बसविले, त्यांच्या वाट्याला ते आले होते.

यंत्रयुगातील स्थित्यंतर :
निजाम राजवटीतील डेक्कन रेडिओ १ एप्रिल १९५० रोजी भारत सरकारच्या ताब्यात आला व पुढे आकाशवाणीत विलीन झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. रेडिओसंच दुर्मीळ असल्याने चावडीवर व चहाच्या हॉटेलात लोक एकत्र जमून ऐकत. एकांत शक्य करणारे यंत्रही अशा प्रकारे प्रथम समूहातच ऐकले गेले. ट्रान्झिस्टरमुळे गाणे स्वयंपाकघरात पोहोचले व स्त्रीला स्वतःच्या पसंतीचे गाणे ऐकण्याची संधी मिळाली. पुढे कॅसेट व मोबाइल आले. दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोपीवर आज गावचे कीर्तनही मोबाइलवर ऐकता येते. मात्र त्या कीर्तनात त्यांना टाळ धरता येत नाही.

निष्कर्ष :
समूह श्रेष्ठ आणि एकांत कनिष्ठ, अशी सरसकट विभागणी इतिहासाला मान्य नाही. समूहाने श्रोत्याला गायक बनविले, परंतु सर्वांना समान स्थान दिले नाही. एकांताने निवडीचे स्वातंत्र्य दिले, परंतु सहभाग हिरावला. म्हणूनच भजनाची बैठक टिकविताना तिच्यात स्त्रियांनाही टाळ मिळणे, हीच परंपरेच्या जतनाची खरी कसोटी ठरते.