दिव्याचा उजेड, रंगाचा उजेड

चित्रातला माणूस प्रकाशामुळे दिसतो. पण हा प्रकाश कोठून यावा, याचे उत्तर आपल्याकडच्या चित्रकारांनी एकच दिलेले नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची शिकवण याबाबत निःसंदिग्ध होती. प्रकाश एका दिशेने यावा, देहाची एक बाजू उजळावी, दुसरी छायेत जावी आणि त्यातून गोलाई सिद्ध व्हावी. गंमत अशी की, याच शाळेचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. आणि त्या चित्रांतील माणसांची सावली जमिनीवर पडत नाही! नकला झाल्या, धडा मात्र वर्गात पोचला नाही.

तथापि या शिकवणीची फळे क्षुद्र नव्हती. सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताच्या आडोशाने जपलेली ज्योत. तिचा उजेड खालून चेहऱ्यावर चढतो. पुष्कळांना हे चित्र रविवर्म्याचे वाटते. वास्तविक रविवर्मा १९०६ साली निवर्तला आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. शिवाय ते जलरंगातले आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. एकदा रंग चढला की तो शुभ्रपणा पुन्हा मिळत नाही. केवळ कसब म्हणून या चित्राची बोळवण करणाऱ्यांनी हा संयम तरी ध्यानात घ्यावा. पण दिवा विझला तर त्या चेहऱ्याचे काय उरेल, हा प्रश्न राहतोच.

त्याचे उत्तर आठ-नऊ वर्षे आधीच दिले गेले होते. पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेरगिल १९३४ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतल्या. १९३६ च्या अखेरीस मुंबईहून दक्षिणेकडे जाताना त्यांनी अजिंठा आणि वेरूळ पाहिले आणि १९३७ साली ‘ब्रह्मचारी’ हे तैलचित्र रंगविले. त्यात पाच तरुण बसलेले आहेत. कोणावरही झोत नाही. शुभ्र धोतरे हाच चित्रातला उजेड, आणि त्यांच्याशेजारी तपकिरी कांतीच्या निरनिराळ्या छटा उघड्या पडतात. छायाप्रकाशाच्या रीतीत सावळी त्वचा चकाकीच्या ठिपक्यापुरतीच उठून दिसे, बाकीची अंधारात जाई. येथे सावळेपणा हा अंधार नव्हे, तो स्वतंत्र रंग आहे. शेरगिल यांचे खरे मोठेपण येथे आहे. त्यांच्या अल्पायुष्याच्या कथेने ते झाकोळले जाते.

पुढे लघुचित्रांच्या अभ्यासाने रंगाचे पट्टे अधिक सपाट झाले. गोरखपूर जिल्ह्यातील सराया येथे १९३८ साली केलेल्या ‘इन द लेडीज एन्क्लोजर’मध्ये हिरव्या जमिनीवरचा तांबडा रंग चित्र पेलून धरतो. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोर येथे, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

मुंबईत जन्मलेले आणि बडोद्यात हिशेबतपासनिसाचे काम करीत चित्रे काढणारे भूपेन खख्खर यांनी ही वाट आणखी वेगळीकडे नेली. लंडनच्या टेट संग्रहालयात असलेल्या त्यांच्या १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये सज्ज्यात एक नग्न पुरुष पाठमोरा उभा आहे. समोर गाव पसरले आहे आणि गाढव घेऊन निघालेल्या बापलेकांची जुनी कथा तेथे घडते आहे. प्रकाश कोठूनही येत नाही. निळाईच त्या माणसाला, गाढवाला आणि घरांना सारखी उजळते.