संशयित पाणी : घरगुती मत्स्यालयातील रोगनिदानाचा इतिहास

काचेच्या टाकीतील मासे एकाएकी मरू लागले, तर दोष माशात शोधायचा की पाण्यात, हा प्रश्न मत्स्यालयाच्या छंदाइतकाच जुना असला, तरी त्याचे उत्तर देणारी साधने फार उशिरा आणि बहुतेक वेळा भलत्याच व्यवसायांतून आली. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला, त्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. तिची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या आणि त्यांनी कुजका पाला फस्त केल्यावर टाकी सावरली. मासा सोडतो तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते आणि वनस्पती सोडते तो ऑक्सिजन माशाला मिळतो, ही ‘संतुलित मत्स्यालया’ची कल्पना यातून रुजली आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ‘द अ‍ॅक्वेरियम’सारख्या पुस्तकांच्या काळात ती इंग्रज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचली. या हिशेबात दोन वायूंचाच जमाखर्च होता. माशाच्या कल्ल्यांतून, म्हणजे त्याच्या श्वसनेंद्रियांतून, अहोरात्र बाहेर पडणाऱ्या अमोनियाला त्यात खातेच नव्हते. साहजिकच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की प्राणवायू कमी पडला, एवढेच निदान होई, आणि ते अनेकदा चुकीचे असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतूंचे युग सुरू झाले, तसा संशय माशाच्या अंगाकडे वळला. फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये गोड्या पाण्यातील माशांवरील ज्या एकपेशीय परजीवीचे वर्णन केले, तो इक्थिऑफ्थिरियस आजही ‘व्हाइट स्पॉट’ या नावाने प्रत्येक मत्स्यपालकाला ठाऊक आहे. त्याच्या जीवनक्रमातच ‘एकाएकी’ या शब्दाचे स्पष्टीकरण आहे : अंगावर दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे त्वचेखाली वाढणारा परजीवी, तो पूर्ण वाढला की माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कोष करतो, त्या कोषात विभागून शेकडो पिल्ले तयार होतात आणि ती बाहेर पडून पोहू लागतात; एक-दोन दिवसांत नवा मासा न मिळाल्यास ती मरतात. औषध लागू पडते ते मुख्यतः या पोहणाऱ्या अवस्थेवर, त्वचेखालच्या ठिपक्यावर नव्हे. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्याच्या टाकीत आठवडाभरात रोग पुन्हा उफाळतो.

मत्स्यरोगशास्त्राला ग्रंथरूप मिळाले ते जर्मनीत. म्यूनिकच्या ब्रुनो होफर यांचा मत्स्यरोगांवरील ग्रंथ १९०४ मध्ये आला आणि विल्हेल्म शेपरक्लाउस यांचा १९३५ मध्ये. दोन्हींची मुख्य चिंता तळ्यात वाढवल्या जाणाऱ्या कार्प आणि ट्राउट माशांची होती, दिवाणखान्यातील शोभेच्या माशांना त्यांचा लाभ ओघानेच झाला. निऑन टेट्रा हा लालनिळा मासा १९३६ मध्ये शास्त्राला परिचित झाला आणि १९४१ मध्ये शेपरक्लाउस यांनी त्याचा रंग उडवणाऱ्या स्नायूंतील परजीवीचे वर्णनही केले, यावरून शोभेच्या माशांचा व्यापार आणि त्यांचे रोग किती हातात हात घालून चालत होते, ते दिसते.

औषधे आली रंगकामातून. मेथिलीन ब्लू हा १८७६ मध्ये तयार झालेला कापडाचा रंग, मॅलॅकाइट ग्रीनही मूळचा तसाच. या निळ्या-हिरव्या बाटल्या स्वस्त आणि हाताशी असल्याने कारण न शोधता औषध टाकण्याची सवय लागली. मेथिलीन ब्लू परजीवींबरोबर टाकीतील उपयुक्त जीवाणूंनाही मारते. म्हणजे बिघाड मुळात पाण्याचा असेल, तर औषधाने तो वाढतोच.

हे उपयुक्त जीवाणू काय काम करतात, ते सांडपाण्याच्या अभ्यासातून कळले होते. श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपवून दाखवले, की अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर, म्हणजेच नायट्रीकरण, हे सजीवांचे काम आहे; क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारे पीएच हे माप सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर-कारखान्याच्या प्रयोगशाळेत मांडले. ही दोन्ही सूत्रे एकत्र आली, तेव्हा कुठे पाणी बदलल्यावरच मासे का मरतात, या जुन्या कोड्याचा उलगडा झाला. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो : विषारी मुक्त अमोनिया आणि तुलनेने निरुपद्रवी अमोनियम. २५ अंश सेल्सिअस तापमानाला पीएच ७ असताना मुक्त रूप एक टक्क्याहूनही कमी असते, पीएच ८ ला ते सुमारे ५ टक्के होते आणि ९ ला ३६ टक्क्यांच्या आसपास जाते. दुर्लक्षित टाकीचे पाणी हळूहळू आम्लधर्मी होते, त्यामुळे साचलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात निपचित राहतो. मग मालक कधीतरी उत्साहाने निम्मे पाणी बदलतो, पीएच एकदम चढतो आणि काही तासांत मासे मरतात. ताजे पाणी बाधले, ही तक्रार खोटी नव्हती, पण गुन्हेगार आधीपासून टाकीतच होता.

नळाच्या पाण्यालाही अर्थात दोष होता. नगरपालिका क्लोरीन मिसळू लागल्या तसे कल्ले भाजून मासे मरू लागले. त्यावरचा उपाय, सोडियम थायोसल्फेट, छायाचित्रकारांच्या काळोख्या खोलीतून आला. तेच ‘हायपो’चे स्फटिक आज मुंबई-पुण्याच्या मत्स्यदुकानांत ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून पुड्यांतून विकले जातात. संतुलित मत्स्यालयाच्या कल्पनेला १९४९ मध्ये जेम्स अ‍ॅट्झ यांनी उघडपणे मिथक ठरवले, तरी पाणी तपासण्याची परीक्षानळी घरोघरी पोहोचायला आणखी काही दशके गेली. नायट्रीकरणात अमोनियापासून आधी नायट्राइट बनते; त्याचे नायट्रेट करणारा जीवाणू नायट्रोबॅक्टर, हे तर पाठ्यपुस्तकांत गृहीतच होते. १९९८ मध्ये होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पिरासदृश जीवाणू करतात असे दाखवले, तेव्हा ‘तयार जीवाणू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत नेमके काय भरले आहे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.