काढली का दाढ?

आमच्याकडे, म्हणजे हिंगोली-वसमत-कळमनुरीच्या पट्ट्यात, कुणी "दाताच्या दवाखान्यात जाऊन आलो" म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काढली का दाढ?" भरली का, वाचली का, असं कुणी विचारत नाही. पुण्या-मुंबईकडच्या नातेवाईकांना या प्रश्नाची गंमत वाटते. मलाही वाटायची. पण गेले काही दिवस दातांच्या सरकारी उपचारांचा इतिहास चाळत बसलो आहे (पोस्टला उशीर झाला तो त्यामुळेच!), आणि आता वाटतं की या प्रश्नात गंमत कमी आणि जुना हिशेब जास्त आहे. सरकारी पैसा आपल्या दातापर्यंत पोचला तो बहुतेक वेळा चिमटा हातात घेऊनच. दात वाचवायचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा.

जुन्या काळात तर सरकारचा संबंधच नव्हता. सकाळी बाभळीची नाही तर लिंबाची काडी, घरात चुलीतली राखुंडी. बायकांची मशेरी. आमची आजी तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा सगळं घर खोकायचं. मशेरीने दात घट्ट राहतात अशी तिची ठाम समजूत होती, आणि पन्नाशीच्या आतच तिचे निम्मे दात गेले होते. ठणका लागला तर लवंग, मग मिठाच्या गुळण्या, आणि शेवटी बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसणारा वैदू. त्याच्यापुढच्या फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग असायचा. तीच त्याची पाटी आणि तेच त्याचं सर्टिफिकेट.

हसायचं कारण नाही. युरोपातही दात काढणं हे शतकानुशतकं न्हाव्याचं आणि जत्रेतल्या फिरस्त्याचं काम होतं. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दातांचं वेगळं कॉलेज निघालं आणि या धंद्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. पण त्याच वेळी एक वाटणीही झाली. शरीराचं कॉलेज वेगळं, दातांचं वेगळं. पदवी वेगळी, पुढे कायदाही वेगळा. मला वाटतं, पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. सरकारं "आरोग्या"साठी पैसे बाजूला काढायला लागली तेव्हा दात आधीच वेगळ्या घरात राहायला गेले होते.

आपल्या देशात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत १९३३ साली जे सुरू झालं, ते आज महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. १९४६ साली भोर समितीचा प्रसिद्ध अहवाल आला. त्या समितीच्या हिशेबाने तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानात पदवीधर दंतवैद्य होते फक्त हजाराच्या आसपास. तीन लाख माणसांमागे एक! डॉक्टरांचं प्रमाण तेव्हा सहा हजारांमागे एक असं होतं आणि तेही फार अपुरं मानलं जात होतं. समितीचं लांबचं ध्येय होतं चार हजार माणसांमागे एक दंतवैद्य.

मग आलं १९४८. या वर्षात तीन गोष्टी घडल्या. एकीचा दुसरीशी थेट संबंध नाही, पण शेजारी शेजारी ठेवून बघायला मजा येते.

मार्चमध्ये भारतात दंतवैद्यक कायदा झाला. नोंदणी आली, पुढच्या वर्षी दंत परिषद आली. पदवी नसलेल्या पण अनेक वर्षं हाच धंदा करणाऱ्यांसाठीही नोंदवहीत वेगळा विभाग ठेवला होता. दात कुणी बघायचे हे या कायद्याने ठरवलं. पैसे कुणी द्यायचे हा त्याचा विषयच नव्हता.

जुलैमध्ये इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दातांसकट सगळं फुकट. लोकांनी कवळ्यांसाठी अशी रांग लावली की सरकारचे अंदाज पार कोलमडले. तीन वर्षांत, म्हणजे १९५१ साली, सरकारने कवळ्यांना आणि चष्म्यांना पैसे लावायचं ठरवलं. ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी या मुद्द्यावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हणजे "सगळ्यांना सगळं फुकट" म्हणणाऱ्या देशातही तिजोरीवर ताण पडल्याबरोबर पहिली नजर गेली ती दातांकडे आणि डोळ्यांकडे. दात नसले म्हणून माणूस मरत नाही ना! मऊ भात खाऊन जगतो.

आणि सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. आमची हिंगोली तेव्हा त्या संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होती.

इथून पुढची तारखांची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. निजामाच्या काळापासून मराठवाड्याची मोठी दुखणी हैदराबादला जात. उस्मानिया दवाखाना हा आमच्या वाडवडिलांचा शेवटचा आधार. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मनाने आलो तो घरीच आलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण हैदराबादला उस्मानिया मेडिकल कॉलेजला जोडून सरकारी दंत विभाग सुरू झाला १९५९ साली. आपण निघालो आणि तीन वर्षांनी तिथे खुर्ची आली! इकडे नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय झालं १९६८ साली. मराठवाड्याला आपलं मिळालं ते औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर), १९८२ साली.

१९५६ ते १९८२, सव्वीस वर्षं. एक पिढी जन्मली, तिचे दुधाचे दात पडले, पक्के आले, आणि बऱ्याच जणांचे ते पक्केही गेले. जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय परभणीला. हिंगोलीहून मीटर गेजच्या गाडीने पूर्ण्याला जायचं आणि तिथून दुसरी गाडी पकडायची. एका दाढेसाठी इतका प्रवास कोण करणार? त्यापेक्षा वैदू बरा, असं लोकांनी ठरवलं तर त्यांना अडाणी कसं म्हणायचं? आणि औरंगाबादला कॉलेज आलं तरी हिंगोलीहून ते दोनशे किलोमीटरहून लांबच.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा झाल्यावर जिल्ह्याची म्हणून कार्यालयं आली, जिल्हा रुग्णालय आलं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि ग्रामीण भागातल्या सरकारी रुग्णालयांत कंत्राटी दंतवैद्य नेमायची वाट मोकळी झाली. परभणी, नांदेड, लातूरला खाजगी दंत महाविद्यालयंही निघाली. भोर समितीच्या काळात देशात दंतवैद्य नव्हते. आता शहरात गल्लीगल्लीत पाट्या आहेत. पण गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पद नाहीच. अडचण माणसांच्या टंचाईवरून वाटपावर आली, एवढाच फरक.

धोरणाचं काय झालं? राष्ट्रीय मौखिक आरोग्य धोरणाचा मसुदा १९८५ च्या सुमारास तयार झाला, १९९५ साली तत्त्वतः मान्य झाला. २००२-०३ साली देशभर दातांची पाहणी झाली. बारा वर्षांच्या मुलांमध्ये ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले. शाळेतल्या बाकावर दोन मुलं बसत असतील तर त्यातल्या एकाची दाढ किडलेली, असा सरळ हिशेब. आणि राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला २०१४-१५ मध्ये. मसुद्यापासून तीस वर्षं!

आता विम्याकडे या. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं नांदेड त्यात होतं. हिंगोली २१ नोव्हेंबर २०१३ ला, बाकीच्या राज्याबरोबर आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मोफत उपचार, ९७२ शस्त्रक्रिया आणि उपचारांची यादी. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, नंतर मर्यादा पाच लाखांवर गेली. या योजनांनी खूप माणसं वाचवली आहेत, आमच्या नात्यातलीही. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण यादी बघा. या योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. आयुष्मानच्या नियमांत किडलेला दात भरणं, रूट कॅनाल वगैरे स्पष्टपणे वगळलेलं आहे, दुखापत किंवा आजारामुळे दाखलच करावं लागलं तर गोष्ट वेगळी. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मात्र यादीत आहे.

महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर चार माणसांत जवळजवळ एक जण बिनधुराची तंबाखू खाणारा निघाला. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे तुम्हाला-मला माहीत आहे. असा माणूस दाढ दुखते म्हणून वेळेवर खुर्चीत बसला, तर दंतवैद्याला त्याच्या गालातला पांढरा चट्टा दिसतो. तोंड पूर्ण उघडत नाही हेही लक्षात येतं. त्या वेळी तंबाखू सुटली, चट्ट्यावर उपचार झाले तर जबडा वाचू शकतो. त्या पहिल्या भेटीसाठी विम्यात तरतूद नाही. जबडा कापायची वेळ आली की आहे.

आता काही जण म्हणतील, "अरे, सरकारी दवाखान्यात तर सगळं फुकट झालंय." बरोबर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. चांगलंच झालं. पण सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या मजुराच्या जागी बसून हिशेब करा. दाढ काढायची तर एक फेरी. रूट कॅनाल करायचं तर तीन-चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. रोजगार हमीचा दर धरला तरी २०२५-२६ साली तो ३१२ रुपये होता. वर एसटीचं तिकीट (बायकांना २०२३ पासून अर्धं आहे, तेवढंच). म्हणजे "फुकट" रूट कॅनाल हजार-बाराशेला पडतं, आणि दाढ काढणं तीन-साडेतीनशेला. शिवाय काढलेली दाढ पुन्हा दुखत नाही! तो "काढून टाका साहेब" म्हणतो ते अज्ञानातून नाही, गणितातून म्हणतो. त्या खुर्चीवरच्या डॉक्टरांपुढेही रांग असतेच. काढायला पंधरा मिनिटं, वाचवायला तास.

म्हणून मला वाटतं, नुसतं मोफत करून हा प्रश्न सुटणार नाही. वाचवणं हे काढण्याइतकंच एका फेरीत आणि घराजवळ व्हायला हवं. हे स्वप्नरंजन नाही. १९८० च्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली. ड्रिल नाही, वीज नाही. हातातल्या साध्या हत्यारांनी कीड खरवडायची आणि ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरायचं. शाळेच्या व्हरांड्यात होऊ शकतं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हेच सिमेंट, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि कीड थांबवणारं चांदीचं एक औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. दात एकदाचे एका तरी यादीत आले!

आणि शाळेपर्यंत गाडी आधीच जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरला सुरू झाला. त्याचं पथक शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासतं, आणि ज्या दोषांसाठी तपासतं त्यात दातांची कीडही आहे. कीड दिसली की पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीचं पुढे काय होतं हे वरच्या गणितावरून ओळखा. चिठ्ठीऐवजी त्याच दिवशी, तिथेच दाढ भरून का देऊ नये?

हिंगोलीत २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मोठ्या दुखण्यांसाठी हैदराबादकडे बघायचे दिवस आता संपत आले आहेत. छोट्या दुखण्याचं तेवढं राहिलंय.

शेवटी घरातल्या मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. मुलाला सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवीन दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आपण तिला दुधाचीच समजतो आणि किडली तरी "पडेल आणि नवीन येईल" म्हणतो. ती पडत नाही, ती पक्की असते. एकदा गेली की गेली. आज रात्री पोरांना उजेडात तोंड उघडायला सांगा आणि मागची दाढ बघा. काळी दिसली तर उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघू नका. आणि दवाखान्यात गेलात तर आधी विचारा, "भरता येईल का?"